व्रणयुक्त गर्भाशय आणि पुढील प्रसूती

पूर्वी सिझेरियन झालेली गर्भिणी आपल्याकडे बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात येते. तिची अपेक्षा एकच असते : ‘वैद्यबुवा, या खेपेला नॉर्मल होईल असं काही औषध द्या.’ असे औषध नाही, हे तिला प्रथमच स्पष्ट सांगावे. मात्र नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करावा की पुन्हा शस्त्रक्रिया, या तिच्या मूळ प्रश्नाला उत्तर आहे आणि ते देण्यासाठी आपला अभ्यास हवा.

प्रसवकाळी माता मृत झाली व कुक्षीत स्पंदन असेल, तर उदर विदारून गर्भ काढावा, असे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे माता जगण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे रूढव्रण गर्भाशयात पुन्हा गर्भधारणा ही अवस्था तेथे विचारात आली नाही. चरकाचार्यांनी नवव्या महिन्यात सांगितलेले अनुवासन व योनिपिचू अव्रण गर्भाशय गृहीत धरून आहेत. प्रसूतितज्ज्ञांना न कळवता ते येथे जसेच्या तसे योजणे ही काही शास्त्रनिष्ठा नव्हे.

‘एकदा सिझेरियन, की कायम सिझेरियन’ हे वचन न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन यांनी १९१६ मध्ये मांडले. त्यांचा रोख खरे तर पहिलेच सिझेरियन टाळण्यावर होता. पुढे वचन उरले, रोख हरवला! त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या भागात उभा घेत. आता तो बहुतेक वेळा खालच्या भागात आडवा घेतात. असा एक छेद असता प्रसववेदनांत व्रण फाटण्याचा संभव साधारण २०० मध्ये १ असतो. वरच्या उभ्या छेदात तो कित्येक पटींनी वाढतो. योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के नैसर्गिकरीत्या प्रसूत होतात. पूर्वी एकदा तशी प्रसूती झालेली असल्यास हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर जाते. मात्र प्रयत्न फसून ऐनवेळी करावे लागणारे सिझेरियन हे पूर्वनियोजित सिझेरियनपेक्षा अधिक त्रासाचे ठरते, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक अपरा व्रणावर खोलवर रुजण्याचा धोका वाढतो. अपरा गर्भाशयमुखावर असेल, तर दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी तो सुमारे ११ टक्के, तिसऱ्या वेळी सुमारे ४० टक्के आढळला आहे. परिणामी तीव्र रक्तस्राव, प्रसंगी गर्भाशय काढणे. म्हणून जिला आणखी अपत्ये हवी आहेत, तिच्या बाबतीत तराजूचे पारडे वेगळे झुकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के होते. हा प्रश्न आपल्या चिकित्सालयात वारंवार येणारच.

निर्णयाची किल्ली जुन्या कागदांत असते. पोटावरील वण पाहून गर्भाशयावरील छेद ओळखता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका गर्भिणीच्या पोटावर सुबक आडवा वण होता व घरच्यांनी नैसर्गिक प्रसूतीचे मनाशी पक्के केले होते. तिचे पहिले बाळ सातव्या महिन्यात आडवे असताना काढले होते, एवढे ऐकून मी शस्त्रक्रियेची टिपणे मागवून घेतली. त्यात गर्भाशयावर वरपर्यंत उभा छेद नोंदलेला होता. तिची शस्त्रक्रिया ३७ व्या आठवड्यात, वेदना सुरू होण्याआधी झाली. सासूबाईंची समजूत घालण्यास मात्र दोन भेटी लागल्या.

छेद आडवा, पहिले कारण टिकून न राहणारे (उदा. पायाळू गर्भ), दोन प्रसूतींत दीड वर्षाहून अधिक अंतर आणि अपरा वर, अशी स्थिती असल्यास प्रयत्नास जागा आहे. तो केवळ रात्रीही भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह व रक्त उपलब्ध असणाऱ्या रुग्णालयातच व्हावा. व्रण फाटू लागल्याची पहिली खूण बहुधा गर्भाच्या हृदयस्पंदनात दिसते. आवींच्या मधल्या काळातही न थांबणारी वेदना, योनिगत रक्तस्राव, चालू आवी एकाएकी बंद पडणे ही लक्षणे नंतरची, आणि काही वेळा ती दिसतही नाहीत. जिथे सलग स्पंदन नोंदवण्याची सोय नाही, तिथे थांबू नये. तालुक्याच्या गावी ही सोय नसेल, तर तिने नवव्या महिन्यातच जिल्ह्याच्या ठिकाणी नातलगांकडे राहावयास जावे.

कळा लवकर याव्यात म्हणून घरोघरी एरंडतेल पाजले जाते. व्रणयुक्त गर्भाशय असणाऱ्या गर्भिणीला ते, अथवा आवी वाढवणारे कोणतेही द्रव्य, आपण देऊ नये. आणि कोणी दिले आहे काय, हे प्रत्येक भेटीत विचारून केसपेपरवर लिहावे.