बाल्कनी घे, पण नकाशा बघून

अगं, जावईबापू 'बाल्कनीवालीच खोली घेऊ' म्हणाले आणि तू हुरळून गेलीस, ते फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. हुरळून जा गं, अलास्काला निघालीयेस! पण ॲडव्हान्स भरायच्या आधी चार गोष्टी ऐकून घे. त्या एजंट आपणहून सांगत नाही आणि आपल्याकडची पुरुषमंडळी विचारत नाहीत.

बाल्कनी म्हणजे सरसकट चांगली, असं काही नसतं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझसाठी मला कुणी विचारलं, तर मी म्हणते, साधी खिडकीची खोली घ्या. रात्रभर बाहेर काळोख, किनारा लांब, आणि माणसं तशीही वरच्या डेकवर नाहीतर गाण्याच्या कार्यक्रमाला. त्या मार्गावरची 'एम्प्रेस' बोट 1990 सालची. तेव्हा बाल्कन्या थोड्याच खोल्यांना असत, त्यामुळे तिथे बाल्कनी हवी तर महागडा वर्गच घ्यावा लागतो. तुझं तसं नाही. व्हँकुव्हरहून अलास्कातल्या व्हिटियरला जाताना बोट बराच वेळ बेटं आणि किनारा यांच्या मधून जाते, त्याला 'इनसाइड पॅसेज' म्हणतात. दोन्हीकडे डोंगर, जूनमध्ये रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड. तुझ्या मार्गावर बाल्कनीचा पैसा वसूल होतो.

आता बाजू. तू उत्तरेकडे चाललीयेस, म्हणजे तोंड पुढे करून उभी राहिलीस की मुख्य किनारा उजव्या हाताला. एकाच बाजूची बाल्कनी मिळणार असेल तर उजवी माग. परतीचा, म्हणजे दक्षिणेकडे येणारा प्रवास असता तर डावी सांगितली असती. ग्लेशियर बेमध्ये मात्र बाजूसाठी भांडू नकोस. तिथे मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबते आणि जागच्या जागी सावकाश वळते, म्हणजे दोन्ही बाजूंना दर्शन घडतं. तिथे कानांवर विसंबू नकोस. बर्फाचा कडा आधी सुटताना दिसतो आणि धडाम आवाज मागून येतो. नुसता आवाज ऐकून मान वळवशील तोवर कडा पाण्यात गेलेला असतो, म्हणून नजर बर्फावरच ठेवायची. आणि बाई, भर जुलैतही तिथे थंडी बोचते. कानटोपी, शाल, पायमोजे हाताशी ठेव, नाहीतर एवढे पैसे मोजून काचेच्या आतूनच बघत बसशील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डेक प्लॅन. बोटीचा मजल्यांचा नकाशा कंपनीच्या वेबसाइटवर असतो. सगळे बाल्कनीचे फोटो बघत बसतात, तू खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघ. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, अशी मधल्या मजल्यावरची खोली पकड. नकाशात दोन खोल्यांमध्ये दाराची खूण असेल तर ती टाळ, त्या दारातून शेजाऱ्याचं घोरणंसुद्धा ऐकू येतं. लाइफबोटींच्या रांगेवरच्या खोल्या स्वस्त दिसतील. त्यांच्यापुढे 'ऑब्स्ट्रक्टेड' लिहिलेलं असतं, म्हणजे समोर समुद्राऐवजी नारिंगी बोटीचं टपर.

तुझ्या सासूबाईंना घाटात गाडी लागते ना? मग लांबीच्या मधोमध आणि जितकी खालच्या मजल्यावर मिळेल तितकी खालची खोली घे. बोट सी-सॉसारखी हलते, टोकं वरखाली होतात आणि मध्य बऱ्यापैकी स्थिर राहतो. इनसाइड पॅसेजमध्ये पाणी शांत असतं, पण शेवटी अलास्काच्या आखातात बोट उघड्या समुद्रात जाते, तिथे फरक कळतो. अगदी मागच्या टोकाच्या बाल्कन्या ऐसपैस असतात, देखावाही मोठा, पण तिथे यंत्रांची थरथर जाणवते. जावईबापू त्याच मागतील बघ!

बाल्कन्यांचेही प्रकार झालेत हल्ली. 2009 साली आलेल्या 'ओअॅसिस ऑफ द सीज'वर काही बाल्कन्या बोटीच्या आतल्या बागेकडे उघडतात, तिथून समुद्र दिसतच नाही. 2018 च्या 'सेलिब्रिटी एज'वर बाल्कनीच्या बहुतेक खोल्यांना वेगळी बाल्कनी नसते, बटण दाबलं की खोलीच्याच मोठ्या काचेचा वरचा भाग खाली सरकतो. वाईट काहीच नाही, पण आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत हवं. आणि 'गॅरंटी'चा स्वस्त दर दाखवला तर भुलू नकोस. तिथे बाल्कनीची हमी असते, जागेची नसते. खोली कंपनी ठरवते, आणि ती तलावाखालचीही निघू शकते.

आता हे फक्त तुझ्या-माझ्यात. तुम्ही चौघं एकाच खोलीत राहायचा बेत केलाय, तो मोडून टाक. सोफ्यावर कोण झोपणार, सकाळी बाथरूम कोणाचं, यातच आठवडा जाईल. सासू-सासऱ्यांना बाल्कनीची खोली दे आणि त्याच पॅसेजमधली समोरची आतली, बिनखिडकीची खोली तुम्ही दोघं घ्या. एका बाल्कनीच्या खोलीत चौघं कोंबण्यापेक्षा थोडे पैसे जास्त जातील, पण दोन बाल्कन्यांपेक्षा पुष्कळ वाचतील. दिवसा सगळे बाल्कनीत बसा, रात्री दार लावून आपापले. सासूबाई पहाटे उठून जप करायला बाहेर बसतील आणि तुला मनसोक्त झोपता येईल. आजच विषय काढ, पण 'तुम्हाला मोकळी हवा हवी म्हणून' असं सांग, 'आम्हाला एकांत हवा म्हणून' नको!

त्यांचं निरांजन आणि उदबत्ती मात्र घरीच ठेवायला सांग. उघडी ज्योत बोटीवर चालत नाही, आणि बाल्कनीत सिगारेटही बहुतेक कंपन्यांनी बंद केलीय. त्याला कारण आहे. मार्च 2006 मध्ये जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' बोटीला मोठी आग लागली, एक प्रवासी गेला. बाल्कनीत टाकलेल्या सिगारेटच्या थोटकानं ती लागली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. बाल्कन्यांमधले आडोसे आणि खुर्च्या पेटणाऱ्या प्लास्टिकच्या होत्या, त्यामुळे आग एका बाल्कनीतून दुसरीत पसरत गेली. त्यानंतर नियम कडक झाले. ओला टॉवेलही कठड्यावर वाळत घालू नकोस, वाऱ्यानं उडून खालच्याच्या बाल्कनीत जातो. खोलीचं दार आणि बाल्कनीचं दार एकदम उघडू नका, वाऱ्यानं असं आपटतं की बोटं सापडतील. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की पुष्कळ बोटींवर एसी आपोआप बंद होतो, तेव्हा 'एसी बिघडला' म्हणून रिसेप्शनला फोन लावू नकोस.

आणि तिथे बसून सासरच्यांबद्दल बोलू नकोस हं. दोन बाल्कन्यांमध्ये नुसता पातळ आडोसा असतो आणि पलीकडे पुण्याचंच कुटुंब निघालं तर? मराठी माणूस हल्ली कुठेही भेटतो.

आता एजंटला फोन कर. खोलीचा नंबर, मजला, बाजू आणि समोर आडवं काही आहे का, एवढं लेखी माग. नंबर आला की नकाशासकट मला व्हॉट्सॲप कर. मी वरचा-खालचा मजला तपासून 'भर' म्हटलं की मगच पैसे भर.