देवीचे वाहन केवढे?
(सिंह, वाघ व त्यांच्या भाऊबंदांच्या आकारमानाचा परिचय)

सिंहाचे दर्शन आपल्या देवालयांत पदोपदी घडते. महिषासुरमर्दिनीच्या पायाशी तो असतो, महाद्वाराच्या दोन्ही बाजूंस तो बसलेला असतो. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंबांच्या नाण्यांवरही तोच आहे. मात्र कोठे तो श्वानाएवढा दिसतो, तर कोठे हत्तीला पंजाखाली दाबून उभा असतो. यात आश्चर्य नाही. नर्मदेच्या दक्षिणेस सिंहाची वस्ती असल्याचा भक्कम पुरावा आढळत नाही. तेव्हा दख्खन व कोकणातील बहुतेक शिल्पकारांनी परंपरेतला सिंह घडविला, रानातला नव्हे. मग रानातला सिंह खरोखर केवढा असतो, आणि वाघ त्याहून मोठा की लहान? मुले हा प्रश्न हटकून विचारतात. त्याचे उत्तर वडीलधाऱ्यांस ठाऊक असावे, म्हणून हा पाठ.

मापे घेण्याची रीत

आरंभी एक सावधगिरी. जुन्या शिकारी ग्रंथांतील आकडे जसेच्या तसे स्वीकारू नयेत. मारलेल्या जनावराच्या नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाठीच्या उंचवट्यांवरून फीत फिरविली की लांबी वाढते. नाकाशी व शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून त्यांमधील सरळ अंतर घेतले की तेच जनावर कित्येक इंचांनी आखूड भरते. शिवाय लांबीत शेपूटही धरलेले असते, आणि ते एकूण लांबीचा सुमारे तिसरा हिस्सा असते. वजनाचेही तसेच. मोठा वाघ एका बैठकीत वीस-तीस किलो मांस खाऊ शकतो. म्हणजे भरल्या पोटी तोललेला वाघ तेवढ्याने जड भरणार.

सिंह व वाघ

गीरच्या अरण्यातील पूर्ण वाढीचा नर सिंह साधारणतः १६० ते १९० किलो भरतो. पन्नास किलोच्या तांदळाच्या पोत्यांचा हिशेब केला, तर सव्वातीन ते पावणेचार पोती. सिंहीण ११० ते १२० किलोंची असते. नराची खांद्यापाशी उंची सुमारे साडेतीन फूट. आफ्रिकेतील सिंह काहीसा थोराड. तेथील मोठे नर २०० किलोंच्या वर जातात. गीरच्या सिंहाची आयाळ विरळ असते, त्यामुळे त्याचे कान उघडे दिसतात. पोटाखाली कातडीची लांब घडी असते, ती त्याची विशेष खूण होय.

आपला पट्टेरी वाघ मात्र सिंहाहून भारी आहे. मध्य भारतातील व तराईतील नर वाघ १८० ते २६० किलोंपर्यंत आढळतात. सिंह खांद्याशी किंचित उंच, तर वाघ लांबीने व वजनाने अधिक, असे सामान्यतः म्हणता येईल. तरीही पाहणाऱ्यास सिंहच मोठा वाटतो, याचे कारण आयाळ. कातडे काढले तर दोघांचे सांगाडे ओळखण्यास जाणकारालाही श्रम पडतात.

परंतु सर्व वाघही सारखे नसतात. सुमात्रा बेटावरील नर १०० ते १४० किलोंचा, तर सुंदरबनातील वाघीण ८० किलोंच्या आसपास. भक्ष्य मोठे व विपुल असेल तर शरीर वाढते. बेटावर किंवा खारफुटीत, जेथे भक्ष्य लहान असते, तेथे ते आखडते. थंड प्रदेशातील प्राणी उष्णता टिकविण्यासाठी थोराड होतात, हा नियम कार्ल बर्गमन याने १८४७ मध्ये मांडला.

नावांचा घोटाळा

आपल्या बोलीत ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघ आणि बिबट्या या दोघांसही लावतात. बिबट्या मात्र बहुधा ३० ते ७० किलोंचा, म्हणजे माणसाच्याच वजनाचा असतो. गावात ‘वाघ आला’ अशी हाकाटी झाली की जमाव काठ्या घेऊन धावतो, आणि त्यातून माणूस व जनावर दोघांसही इजा होते. अशा वेळी जमाव न जमविता वनखात्यास कळविणे हेच शहाणपण. बिबट्यालाच चित्ता म्हणण्याची चूकही सर्रास होते. चित्ता सडपातळ, ३५ ते ६५ किलोंचा, धावण्यासाठी घडलेला. त्याला डरकाळी फोडता येत नाही. भारतातून तो नष्ट झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले.

आकारमानाची किंमत

मोठे शरीर पोसावयास मोठे रान लागते. एका वाघाला वर्षाकाठी साधारणपणे पन्नास चितळांएवढी शिकार लागते; ती दरवर्षी मिळावयाची, तर रानात त्याच्या कित्येक पट हरणे नांदली पाहिजेत आणि त्यांना पुरेल एवढे गवत व पाणीही हवे.

सिंहाची गोष्ट अधिक नाजूक आहे. २०२५ च्या गणनेत भारतातील सिंहांची संख्या ८९१ भरली; १९६८ मध्ये ती १७७ होती. वाढ आनंदाची खरी, परंतु ते सर्व एकट्या सौराष्ट्रात आहेत. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांतील काहींत कॅनाइन डिस्टेंपर या रोगाचा विषाणू आढळला. याच रोगाने १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत सुमारे एकतृतीयांश सिंहांचा बळी घेतला होता. सारे धान्य एकाच कणगीत ठेवणाऱ्या गृहस्थास जी भीती, तीच ही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात हलविण्याचा आदेश दिला. त्या रानात २०२२ मध्ये नामिबियाचे चित्ते आले; सिंहांची वस्ती मात्र सौराष्ट्रातच राहिली.

सिंहाचा बच्चा जन्मतः जेमतेम सव्वा-दीड किलोचा असतो. त्याचा पावणेदोनशे किलोंचा मृगराज होतो तो रानाच्या आधारावर. देवीच्या पायाशी तो दगडात अढळ आहे; रानात त्याचे राहणे मात्र माणसाच्या विवेकावर अवलंबून आहे. येत्या नवरात्रात देवीपुढे हात जोडताना मुलांना एवढे अवश्य सांगावे.