एसटी-लिंक जोडताना

'ब्लू पिल' या छोट्या बोर्डावर एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर असतो. त्यात प्रोग्राम भरणे आणि चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय घडते ते पाहणे, ही दोन्ही कामे एसटी-लिंक करतो. तारा चारच लागतात: ग्राउंड, ३.३ व्होल्ट, माहितीची ये-जा करणारी एसडब्ल्यूडीआयओ आणि तिला ताल देणारी एसडब्ल्यूसीएलके.

यूएसबी काढून ठेवूनच तारा जोडाव्यात, आधी ग्राउंड. एसटी-लिंकवर बहुधा ५ व्होल्टची पिनही असते, ती ३.३ च्या जागी लागली तर चिप कायमची जाऊ शकते. तारांच्या रंगावर विसंबू नका, पिनांची नावे वाचा. स्वस्त एसटी-लिंकमध्ये पिनांचा क्रम सारखा नसतो. बोर्डाला वीज एकाच ठिकाणाहून द्या.

जोडणी बरोबर असूनही चिप सापडत नाही? लगेच नवा बोर्ड मागू नका! आधीच्या प्रोग्रामने पीए१३ व पीए१४, म्हणजे याच दोन तारांच्या पिना, दुसऱ्या कामाला लावल्या असतील. बूट-० चा जंपर १ वर ठेवून रीसेट दाबा. मग जुना प्रोग्राम सुरूच होत नाही. नवा भरून झाला की जंपर परत ० वर आणा.