ही सर्दी लागत नाही!

मुलांनो, गेल्या श्रावणात आपण श्रमदान केले, आठवते ना? टाकीमागचे गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरले होते. तरी मीच म्हटले, "उपटा रे हातानं!" चूक माझीच. दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलाला शिंकांवर शिंका. डोळे लाल, नाकातून नुसते पाणी. त्याच्या शेजारी कोणी बसेना. "गुरुजी, आम्हालापण सर्दी लागंल!" बिचारा आठ दिवस पट्टीच्या टोकाला एकटाच बसला.

पण ती लागणारी सर्दी नव्हतीच. तिला परागज्वर म्हणतात. नावात ज्वर आहे, पण अंग तापत नाही बरं का! सर्दी विषाणूंमुळे होते आणि एकाची दुसऱ्याला लागते. परागज्वर होतो फुलांतल्या परागकणांमुळे. जास्वंदीला बोट लावा, पिवळी पूड लागेल. तेच पराग. गवताचे पराग याहून बारीक, वाऱ्यावर उडतात. काहींचे शरीर त्यांना शत्रू समजते आणि हाकलू पाहते. म्हणून शिंका, म्हणून डोळ्यांना खाज.

हे शोधले कोणी? इंग्लंडात ब्लॅकली नावाचे डॉक्टर होते. त्यांना स्वतःलाच हा त्रास. त्यांनी चक्क पतंग उडवले! पतंगाबरोबर चिकट काच वर पाठवून हवेतले पराग पकडले. १८७३ साली त्यांनी हे सारे पुस्तकात छापले.

आपले गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात ते १९५५च्या सुमारास प्रथम दिसले, आता बांधाबांधावर आहे. त्याने अंगालाही खाज सुटते.

त्रास होत असेल तर डोळे चोळू नका. बाहेरून आल्यावर तोंड, डोळे स्वच्छ पाण्याने धुवा, कपडे बदला. वर्ग झाडण्याआधी पाणी शिंपडा. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. काही गोळ्यांनी झोप येते. छातीत घरघर झाली, दम लागला, तर मात्र घरी थांबू नका. तडक आरोग्य केंद्रात जा.

यंदा गवत फुलण्याआधीच, पाऊस पडून जमीन ओली झाली की उपटायचे. मुळासकट! हाताला प्लॅस्टिकची पिशवी, नाकाला रुमाल. तो मुलगा गवताकडे येणार नाही, त्याच्याकडे घंटेचे काम दिले आहे. पट्टीवर त्याच्या शेजारी कोण बसते, ते सोमवारी पाहू.