आधी प्रश्न, मग सूत्र

दहावीनंतर गणित सुटलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मानसशास्त्रात एम.ए. करायला मांडव्याहून मुंबईला गेले आणि पहिल्याच वर्षी संख्याशास्त्राचा पेपर समोर आला. घाबरून मी चुकीची वाट धरली. गाइड आणून सूत्रं पाठ केली. बाकीच्यांना समजतंय, या समजुतीने वर्गात एकही शंका विचारली नाही. परीक्षेत पाच आकड्यांचं प्रमाण विचलन काढताना 5 ने भागायचं की 4 ने, हेच आठवेना. नापास झाले.

पुन्हा अभ्यासाला बसले तेव्हा घरी येण्याच्या प्रवासाची मिनिटं वहीत मांडली. गेटवेहून एकाच लाँचने आले तेव्हा 58, 59, 60, 61, 62. मिळेल त्या बोटीने आले तेव्हा 50, 55, 60, 65, 70. मध्यमान दोन्हीकडे 60. पण आईने जेट्टीवर कधी यावं, हे पहिल्या आकड्यांवरूनच सांगता येत होतं. प्रमाण विचलन पहिल्याचं सुमारे 1.4, दुसऱ्याचं 7.1. सरासरीवर किती विसंबावं, ते हे माप सांगतं.

ही उत्तरं 5 ने भागून आली, कारण प्रश्न त्या पाच फेऱ्यांपुरताच होता. त्यांवरून सगळ्या फेऱ्यांचा अंदाज करायचा तर 4 ने भागायचं. नमुन्याचं मध्यमान त्याच आकड्यांतून निघतं, म्हणून फरक खऱ्यापेक्षा लहान दिसतात. ती कसर 4 ने भरून निघते. हे कारण कळल्यावर पाठांतराची गरजच उरली नाही.

म्हणून सांगते, सूत्राआधी प्रश्न वाचा. दोन गटांच्या मध्यमानांत फरक आहे का, असं विचारलं असेल तर टी-चाचणी. ताण आणि झोप यांचा संबंध शोधायचा असेल तर सहसंबंध. होय-नाही अशी मोजदाद असेल तर काय-वर्ग चाचणी. रोज एक उदाहरण हाताने सोडवा, एक्सेल नंतर. उत्तराखाली त्याचा अर्थ एका मराठी वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर गणित अजून समजलेलं नाही.

हा विषय परका मानू नका. 1904 मध्ये सहसंबंधावर पायाभूत लेखन करणारे चार्ल्स स्पिअरमन मानसशास्त्रज्ञच होते. माणसाच्या मनाबद्दल जबाबदारीने बोलता यावं, म्हणून हे शिकायचं.

पहिल्यांदा अडेल त्याच तासाला हात वर करा. मी गप्प बसले आणि एक वर्ष गमावलं. तुम्ही गमावू नका.