लिंबात मुरलेली सुरमई

सानपाडा, नवी मुंबई

चि. रोहन,

पाम बीच रोडजवळ काढतोयस त्या हॉटेलाचा मेनू वाचला. सुशी आणि लिंबात मुरवलेली सुरमई, दोन्ही कच्चे प्रकार दिसले, म्हणून लगेच लिहायला बसले.

लिंबाच्या रसानं मासा पांढरा पडतो, घट्ट होतो, शिजल्यासारखा दिसतो. त्यातला पट्टकृमी मात्र त्यानं मरत नाही. पेरूमध्ये असाच मासा ‘सेविचे’ म्हणून आवडीनं खातात, आणि तिथं समुद्री माशांतून पट्टकृमी पोटात गेल्याचे रुग्ण वर्षानुवर्षं सापडत आले आहेत. हा कृमी मुळात सी-लायनच्या आतड्यात वाढणारा. कच्चा मासा खाल्ला की माणसातही वाढतो. आपल्या अरबी समुद्रात सी-लायन नाहीत, तेव्हा इथल्या सुरमईत तो असेल ही धास्ती नको. पण सुशीचा साल्मन कुठला? जपानकडच्या पॅसिफिक साल्मनमधून दुसऱ्या जातीचा पट्टकृमी माणसाला होतो. मासा कुठला, पाळलेला की समुद्रात पकडलेला, हे पुरवठादाराकडून लेखी घे.

असा कृमी आतड्यात कित्येक मीटर वाढतो आणि पुष्कळांना काही जाणवतही नाही. कुणाचं पोट दुखतं, कुणाला शौचात चपटे पांढरे तुकडे दिसतात. डॉक्टर प्राझिक्वांटेल देतात, बरं वाटतं. तरी तुझ्या ताटातून कुणाला ते व्हावं का?

कच्चा द्यायचा मासा उणे 20 अंशांवर 7 दिवस ठेव, नाहीतर उणे 35 वर घट्ट गोठवून त्याच तापमानात 15 तास. अमेरिकेच्या एफडीएचा हा नियम आहे; अ‍ॅनिसाकिस नावाचा गोल जंतही यानं मरतो. घरातल्या फ्रीजरचा इथं उपयोग नाही, तो उणे 18 च्या आसपास असतो आणि दार सारखं उघडतं. शिजवायचा असेल तर मधोमध 63 अंश आले की झालं. आपलं कालवण त्याच्या कितीतरी वर उकळतं.

आणखी एक. मासा कापताना कधी मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतील. बहुतेकदा त्या मुशी-पाकटाच्या आतड्यात वाढणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या असतात. माणसात त्या वाढत नाहीत. तेवढा भाग काढून टाक, पण दिवाळे गावच्या मासेवालीशी त्यावरून भांडू नकोस. तिनं ताजाच मासा दिलेला असतो.

आधी चांगला फ्रीजर आणि थर्मामीटर घे. तोवर मेनूतल्या त्या दोन ओळी खोडून ठेव.

तुझी,
आत्या