फ्लेक्सवर बसलेला हात

प्रश्न : कळंबला माझं फ्लेक्स-पत्रिकांचं डिझाइनचं दुकान आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या कला-चमूला विनामोबदला मदत करायचीय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : जरूर करा, तिथे चित्रकारांची वाण असते. फ्लेक्सच्या कामाने कोरलड्रॉवर हात बसला असेल, तर इंकस्केप हे मुक्त चित्र-सॉफ्टवेअर लवकर जमेल. त्यातली एसव्हीजी फाइल दुसऱ्यालाही उघडून सुधारता येते. मुक्त संगणकप्रणाली बनवणारं डेबियन नव्या आवृत्तीआधी वॉलपेपर-थीमसाठी खुलं आवाहन करतं, पसंतीही मागवतं. पहिली धडपड तिथेच करा. मात्र नेटवरून उचललेला फोटो, चोरीचा फॉन्ट अजिबात नको. धंद्यातली ही सवय आधी मोडा. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता, बलू वापरा, त्यांचा परवाना खुला आहे. विषय हवा? तेरच्या लामतुरे संग्रहालयात जा, तिथल्या प्राचीन मृण्मूर्ती बघून स्वतः रेखाटा.